मेहनती, होतकरू आणि पिनकोड ४२१२०१

डोंबिवलीतला माणूस आयुष्यात दोनदा कागदावर उतरतो. एकदा नोकरीसाठी आणि एकदा लग्नासाठी. दोन्ही कागदांना बायोडेटाच म्हणतात, दोन्ही स्टेशनजवळच्या एकाच झेरॉक्सवाल्याकडे टाइप होतात आणि दोन्हींत उंची सोडली तर बाकी सगळं थोडं वाढवून लिहिलेलं असतं. (लग्नाच्या बायोडेटात उंचीही चपलेसकट मोजतात.) झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर दोन्हींचे साचे एकाच फोल्डरात नांदत असल्यामुळे अधूनमधून सरमिसळ होते. नोकरीच्या अर्जावर डोक्याशी ‘श्री गणेश प्रसन्न’ राहून गेलं तर बिघडत नाही, त्याने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. पण आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा लग्नाचा बायोडेटा ‘नोटीस पिरियड : ३० दिवस’ या ओळीसकट चांगल्या चांगल्या स्थळांकडे जाऊन आला. एका मुलीच्या वडिलांनी फोन करून शांतपणे विचारलं, “हे तीस दिवस लग्नाआधीचे की नंतरचे?”

लग्नाच्या बायोडेटाचं एक बरं असतं, तिथे आपली स्तुती दुसरं कुणीतरी करतं. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, मनमिळाऊ आहे हे त्याची मावशी ठरवते आणि त्याला ते छापून आल्यावर कळतं. नोकरीच्या बायोडेटात मात्र हे काम स्वतःच करावं लागतं आणि तिथेच आमचं घोडं अडतं. कारण आम्ही वाढलो ते शाळेच्या फळ्यावर ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हा सुविचार वाचत. पोरगं वर्गात पहिलं आलं तरी आई पाहुण्यांना सांगणार, “यंदा पेपर सोपेच होते हो.” अशा घरातल्या मुलाला बाविसाव्या वर्षी एकदम टेबलाशी बसवून ‘तू किती थोर आहेस ते दोन पानांत लिही’ म्हटलं तर तो लिहिणार काय? स्वतःची टिमकी वाजवायची त्याला लाज वाटते, म्हणून तो दुसऱ्याची भाड्याने आणतो. मित्राचा बायोडेटा मागून घ्यायचा, नाव बदलायचं, झालं. मित्राने तो त्याच्या चुलतभावाकडून घेतलेला असतो आणि चुलतभावाने पुण्याच्या रूममेटकडून.

परिणामी ‘डायनॅमिक, हार्डवर्किंग, रिझल्ट-ओरिएंटेड टीम प्लेअर’ असा एकच माणूस हजारो नावांनी आमच्याकडे वावरतो आहे. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. त्यातला नोकरी शोधणारा प्रत्येक जण टीम प्लेअर. सकाळी गाडीत चौथ्या सीटवरून जुंपते तेव्हा ही टीम कुठे जाते, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझा भाचा यंदा या रांगेत उभा राहिला. बी.कॉम. झालेला, कल्याणच्या एका सीएकडे सहा महिने उमेदवारी केलेला, आता अकाउंट्समध्ये नोकरी हवी. त्याने मोबाइलवरच एका तयार साच्यात बायोडेटा रचला आणि रविवारी दुपारी ताईकडे आम्हा सगळ्यांना दाखवायला ठेवला. ही पहिली चूक. डोंबिवलीत बायोडेटा घरच्यांना दाखवणं म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाचा रंग विचारणं.

पान देखणं होतं. डावीकडे निळा पट्टा, पट्ट्यात गोल फोटो, फोटोखाली कौशल्यांचे तारे. एक्सेल : चार तारे. संवादकौशल्य : साडेचार तारे. मराठी : चार तारे.

“मराठीचा पाचवा तारा कुठाय?” ताईने विचारलं.

“आई, ते ॲव्हरेज दिसावं म्हणून.”

“मी तुला नऊ महिन्यांचा असल्यापासून मराठीत ओरडतेय, त्याचं हे ॲव्हरेज?”

भावजींना पट्ट्यापेक्षा आशयाची काळजी. ते म्हणाले, “वडिलांचं नाव नाही, जन्मतारीख नाही, धर्म नाही, उंची नाही. हा माणूस आहे कोण?” आणि उठून कपाटातून प्लास्टिकची फाइल घेऊन आले.

फाइलीत १९७९ सालचा त्यांचा स्वतःचा बायोडेटा होता. एका पानाचा, टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या मशीनवर स्वतःच बडवलेला, जिथे ‘ओ’ जोरात पडलाय तिथे कागदाला बारीक भोक. भावजी तेव्हा वागळे इस्टेटीतल्या एका कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एमआयडीसीचा कारभार १९६२ साली सुरू झाला तोच ठाण्याच्या या वागळे इस्टेटीतून, त्यामुळे आमच्या मागच्या पिढीला नोकरी म्हणजे कारखान्याचं गेट आणि गेटवर ‘जागा नाहीत’ची पाटी. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं, कार्डाचं वेळच्या वेळी नूतनीकरण करायचं आणि कॉल येईपर्यंत संध्याकाळी टायपिंग-शॉर्टहँड शिकायचं, असा तो काळ. ओळखीच्याने ‘साहेबांच्या कानावर घालतो’ म्हटलं की तेवढ्यावर सहा महिने काढायचे.

त्या कागदात विनोदाला जागा भरपूर होती. उंची पाच फूट सहा इंच, वजन बावन्न किलो, ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं (एक फॅमिली डॉक्टर, एक हेडमास्तर) आणि शेवटी ‘अपेक्षित पगार : कंपनीच्या नियमानुसार’. अपेक्षाच कंपनीच्या नियमानुसार! पण त्याच पानाच्या मधोमध दोन ओळी होत्या : इंग्रजी टायपिंग मिनिटाला ४० शब्द, शॉर्टहँड मिनिटाला ८० शब्द, दोन्ही सरकारी परीक्षा उत्तीर्ण. ‘फास्ट टायपिस्ट’ हे दोन शब्द कुठेही नाहीत. ते लिहायची गरजच नव्हती. चाळीस म्हणजे चाळीस, साहेबाने घड्याळ लावून बसवलं तर चाळीस पडणार. भावजींना स्वतःबद्दल चांगलं बोलायची आमच्याइतकीच लाज, पण आकड्याला लाज नसते. तो त्यांच्या वतीने बोलला.

आता तसा आकडा पुढच्या पिढ्यांकडे राहिला नाही. २००१ नंतर प्रत्येकाच्या बायोडेटात एमएस-सीआयटी आलं आणि सगळ्यांनाच आल्यामुळे त्यावरून कुणाचं काही ओळखता येईना. मग उरली विशेषणं.

पत्त्याचा प्रश्न तर स्वतंत्र प्रकरण आहे. बदलापूरचा उमेदवार बायोडेटात कल्याण लिहितो, कल्याणचा ठाणे लिहितो, ठाण्याचा बिनदिक्कत मुंबई लिहितो. कागदावर आमच्या भागातला प्रत्येक माणूस निदान दोन-चार स्टेशनं पुढे राहतो. डोंबिवलीकर इतर काही झालं तरी कल्याण लिहिणार नाही, तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे. तो ‘ठाणे’ लिहितो आणि जिल्हा ठाणेच असल्यामुळे ते खोटंही नसतं. हे सगळं कशासाठी? तर चर्चगेट किंवा अंधेरीच्या ऑफिसात डोंबिवली वाचलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘हा पावसाळ्यात येणार का’ असं उमटतं म्हणून.

पण पोस्टखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आणला आणि आमचं बिंग फोडायची कायमची सोय करून ठेवली. ठाण्याचा पिनकोड मुंबईसारखाच ४००ने सुरू होतो. कळवा, मुंब्रा, अगदी दिव्यापर्यंत ४००चं राज्य आहे. पुढे ४२१. डोंबिवली पूर्व ४२१२०१, पश्चिम ४२१२०२, कल्याण पश्चिम ४२१३०१. म्हणजे वर मोठ्या अक्षरांत ‘ठाणे’ आणि खाली बारीक अक्षरांत ४२१. जाणकार माणूस नाव वाचायच्या आधी ते तीन आकडे वाचतो. शिवाय एवढी लपवाछपवी करून पानाच्या तळाशी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ अशी शपथ घ्यायची आणि तिच्याखाली सवयीने लिहायचं, ‘स्थळ : डोंबिवली’.

खरं तर हा पत्ता लपवायचा नाही, मिरवायचा आहे. डोंबिवलीहून रोज पावणेदहाला फोर्टात हजर होणाऱ्या माणसाला नियोजन, वेळेचं भान, ताणाखाली काम, मर्यादित जागेत तडजोड हे सगळं येतं, हे वेगळं लिहायला कशाला हवं? मात्र छंदांच्या रकान्यात ‘प्रवास’ लिहू नये. भाच्याने लिहिला होता. आमच्याकडे प्रवास हा छंद नसून भोग आहे. ‘वाचन’ही लिहिलं होतं. त्यावर मी विचारलं, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस? त्याने निळ्या पट्ट्याकडे पाहिलं. गावात फ्रेंड्स लायब्ररीसारखं भरलेलं वाचनालय असताना डोंबिवलीच्या मुलाने मुलाखतीत या प्रश्नावर छताकडे बघणं शोभत नाही, म्हणून ‘वाचन’ खोडलं. ‘संगीत’ म्हणजे कानात इअरफोन, तेही गेलं. रकाना रिकामा झाला, तो काढूनच टाकला. एवढ्याने पानाचा पाव भाग मोकळा झाला.

मग निळा पट्टा. भाच्याला त्याचा मोह सुटेना, पण तिथे मला माझ्या ऑफिसातल्या एचआरच्या बाईंकडून कळलेली गोष्ट उपयोगी पडली. हल्ली बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झालं आणि पुढे अर्ज टपालाऐवजी इंटरनेटवरून येऊ लागले, तसे ते इतके आले की चाळायला यंत्र लावावं लागलं. हे यंत्र रसिक नाही. त्याला गोल फोटो कळत नाही, तारे मोजता येत नाहीत. दोन उभे रकाने असले तर काही वेळा ते डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून सलग वाचतं. भाच्याचा बायोडेटा त्या पद्धतीने वाचून पाहिला तर ‘संवादकौशल्य श्री गणेश मंदिराजवळ’ असं निघालं. म्हणून एकच रकाना, साधा फॉन्ट, सरळ शीर्षकं. जाहिरातीत ‘टॅली प्राइम’ म्हटलं असेल आणि आपल्याला येत असेल तर आपणही ‘टॅली प्राइम’च लिहावं, ‘अकाउंटिंगची आधुनिक साधनं’ लिहू नये. काही हुशार मंडळी जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत पांढऱ्या पानावर लपवतात, म्हणजे यंत्राला दिसावेत आणि माणसाला दिसू नयेत. पण यंत्रापुढून पास होऊन शेवटी माणसासमोरच बसायचं असतं, आणि त्याने सहज सगळं सिलेक्ट केलं तर भुताटकी उघडी पडते. आणि फाइलचं नाव! ‘बायोडेटा फायनल न्यू २ करेक्टेड’ हे नाव ज्या एचआरकडे दिवसाला शेकड्यांनी येत असेल, तिच्या मनःस्थितीचा विचार करावा. आपलं नाव, आडनाव आणि पदाचं नाव, एवढं बास.

रूप झालं, प्रश्न आशयाचा होता. अनुभवाच्या रकान्यात एकच वाक्य होतं : ‘रिस्पॉन्सिबल फॉर हँडलिंग अकाउंट्स अँड टॅक्सेशन’. हे वाक्य तर देशाच्या अर्थमंत्र्यांनाही चालेल.

“तू तिथे नक्की काय करायचास?” मी विचारलं.

“काही नाही मामा, किरकोळ.”

“किरकोळ म्हणजे?”

“म्हणजे दुकानदारांची बिलं यायची पिशवीतून. ती तारखेप्रमाणे लावायची, टॅलीत एंट्री करायची, मग जीएसटीआर-२बीशी जुळवून बघायची. फरक आला की दुकानदाराला फोन.”

“किती दुकानदार?”

“बावीस.”

“आणि रिटर्न?”

“३बी? ते वीस तारखेच्या आत.”

“कधी चुकलं?”

“नाही. एकदा एकोणीसला रात्री आमच्याकडे लाइट गेले, तर लॅपटॉप घेऊन मित्राकडे जाऊन भरलं.”

भावजी इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. “मग हे का नाही लिहिलंस?”

“असलं काय लिहायचं, बाबा? ते तर कामच होतं.”

‘ते तर कामच होतं.’ आमच्या लोकांची अर्धी कर्तबगारी या एका वाक्याखाली गाडलेली आहे. जे खरोखर केलं ते किरकोळ म्हणून सोडून द्यायचं आणि जे कधीच नव्हतो ते ठळक अक्षरांत छापायचं. विनय आणि थापा हे एकमेकांचे शत्रू असतील असं वाटतं. बायोडेटात ते जोडीने राहतात. विनयाने जी जागा मोकळी केलेली असते, तिथेच थाप येऊन बसते.

या बाबतीत मोठमोठ्यांचे अर्ज पाहण्यासारखे आहेत. १४८२च्या सुमाराला लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्राचा मसुदा केला. जगातला पहिला बायोडेटा म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. मी हलके पूल बांधीन, तोफा करीन, चिलखती गाड्या करीन, असं मुद्देसूद सांगून झाल्यावर अगदी शेवटी, शांततेच्या काळात मला चित्रंही काढता येतात, असं त्याने घातलं आहे. लढायांच्या धामधुमीत साहेबाला काय हवं ते त्याने ओळखलं. त्यातलं सगळं त्याने खरंच बांधून दाखवलं असतं का हा प्रश्न विचारू नये. प्रत्येक बायोडेटात एखादा तरी चिलखती रणगाडा असतोच.

पण मला लिओनार्दोपेक्षा आमच्या शेजारच्या गावची मुलगी जास्त पटते. कल्याणच्या गणपतराव जोश्यांची यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई. जून १८८३मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर या अठरा वर्षांच्या मुलीने पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज लिहिला. त्यात तिने आधीच कबूल केलं की तुमच्या प्रवेशाच्या अटी मी सगळ्या पुऱ्या करू शकेन की नाही, सांगता येत नाही. मग सांगितलं की जातभाई आणि इष्टमित्रांचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने मी इथवर आले, तोही हिशेबात धरावा. माझ्या देशातल्या बायकांना स्त्रीडॉक्टरची गरज आहे. बस. काय कमी आहे, काय केलं आणि कशासाठी हवं, तीन गोष्टी. ‘सेल्फ-मोटिव्हेटेड’ कुठेही नाही. त्या काळी कलकत्त्याहून बोटीने अमेरिका गाठलेल्या बाईला तो शब्द लिहायची गरज काय? प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६मध्ये ती एम.डी. झाली. कल्याणकरांनी आजवर लिहिलेल्या अर्जांत याहून चांगला अर्ज माझ्या तरी माहितीत नाही. लिहिणारीने स्वतःचं कौतुक केलं नाही आणि कमीपणाही घेतला नाही. फक्त घडलं ते सांगितलं.

हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “मामा, मी जीएसटी भरलाय, समुद्र नाही ओलांडला.”

“पण बावीस पिशव्या तर रिकाम्या केल्यास ना? तेवढंच लिही.”

मग ते वाक्य बदललं. ‘२२ व्यापाऱ्यांची खरेदी बिलं टॅलीत नोंदवून दरमहा जीएसटीआर-२बीशी पडताळली; सहा महिन्यांत एकही विवरणपत्र २० तारखेनंतर गेलं नाही.’ ताईने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “एवढं करायचास तू? आणि घरात दळण आणायला सांगितलं की विसरतोस.” भावजी म्हणाले, “हे वाचून साहेबाला वाटेल की याला काम येतं.” भावजींच्या तोंडून ही स्तुतीची परमावधी.

विशेषणं काढायची म्हटल्यावर एक कसोटी ठरवली. रोज ज्यांच्याबरोबर गाडीत उभा राहतोस त्या चार जणांना बायोडेटा मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्या ओळीला ते हसतील ती काढायची, ज्या ओळीला ‘मग?’ म्हणतील तिथे आकडा घालायचा आणि ज्या ओळीला गप्प राहतील ती ठेवायची. भाच्याने दुसऱ्या दिवशी दिवा जायच्या आत वाचून दाखवला. कल्याणहून बसून आलेल्या एका अनोळखी काकांनीही मध्ये तोंड घातलं, कारण लोकलमध्ये बायोडेटा खाजगी राहत नाही. ‘पॅशनेट अबाउट नंबर्स’ या ओळीला सगळा कोपरा हसला. ‘क्विक लर्नर’ला काकांनी विचारलं, “मग सीए का नाही झालास?” दोन पानांचं एक पान झालं. तारे गेले, पट्टा गेला, मराठी बिनताऱ्याची राहिली. पत्ता ‘डोंबिवली पूर्व’ असा स्वच्छ लिहिला. मोबाइल नंबर तेवढा काकांनीच तपासून दिला, एक आकडा कमी पडत होता. नुसता त्या एका आकड्यापायी किती कर्तबगार माणसं घरी बसून फोनची वाट पाहत असतील कोण जाणे.

मुलाखत वागळे इस्टेटीतच झाली. भावजींच्या वेळी जिथे भोंगे वाजायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि गेटवर पाटीऐवजी कार्ड दाखवून उघडणारा अडसर आहे. समोरच्या बाईंनी बाकी काही विचारलं नाही, फक्त बावीसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “यातल्या कुणाचा हिशेब सगळ्यात जास्त अडायचा?” त्यावर भाचा वीस मिनिटं बोलला, घरात दोन वाक्यांपुढे न जाणारा मुलगा. एका हार्डवेअरवाल्याच्या पिशवीत बिलांबरोबर खिळे निघायचे, इथपर्यंत त्याने सांगितलं. सोमवारी रुजू व्हायचं पत्र आलं.

आता गंमत अशी की त्याच्या खात्यात एका सहायकाची जागा निघाली आणि आलेले अर्ज चाळायचं काम सगळ्यात नवीन माणूस म्हणून त्याच्याच गळ्यात पडलं. परवा रविवारी तो ताईकडे गठ्ठा घेऊन बसला होता. “मामा, सगळे हार्डवर्किंग आहेत,” तो वैतागून म्हणाला. “आणि हा बघ. पत्ता ठाणे आणि पिनकोड ४२१३०१.” मी म्हटलं, बाजूला टाक. त्याने टाकला नाही. थोडा वेळ त्या कागदाकडे बघून त्याने फोन उचलला आणि त्या मुलालाच लावला.

“अकाउंट्स हँडल केले असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे नक्की काय करायचात?”

पलीकडून आवाज आला, “काही नाही सर, किरकोळ.”

भाच्याने पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, “हां, बोला. किती दुकानदार होते?”